संगणकात काहीच जळत नाही



या व्यासपीठावर आपण संतवाङ्मयावर, इतिहासावर, अर्थकारणावर विद्वानांची व्याख्याने ऐकत आला आहात. आम्ही विद्वान नव्हे. आमचे शाळेतले शिक्षण नववीत थांबले. पुढचे जे काही झाले ते कारखान्याच्या गेटवर, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि युनियनच्या कचेरीतल्या एका मोडक्या कपाटापाशी झाले. चालकांनी आमंत्रण दिले तेव्हा हा मनुष्य बोनस आणि कंत्राटी कामगार यांवर तासभर बोलेल अशी त्यांची समजूत असावी. आम्ही कळवलेला विषय वाचून त्यांचा पुन्हा फोन आला. 'सर्किटच्या मॉडेलमध्ये घटकांच्या सहनशक्तीची मर्यादा' असेच लिहिले आहे ना, की काही चूक झाली? चूक नव्हती. हा विषय आम्ही हौसेने शिकलो नाही. तीन बायांच्या नोकरीवर पाणी पडायची वेळ आली म्हणून शिकलो.

गोष्ट २०१८ सालच्या पावसाळ्यातली. आमच्या भागातल्या एका कारखान्यात वीजपुरवठ्याचे बोर्ड तयार होत. भिंतीतली २३० व्होल्टची एसी वीज घ्यायची, चार डायोडांच्या पुलातून ती एकाच दिशेने वळवायची आणि एका मोठ्या कपॅसिटरमध्ये साठवून सुमारे सव्वातीनशे व्होल्टची डीसी करून पुढे द्यायची, एवढे त्या बोर्डाचे पहिले काम. डायोड म्हणजे विजेचा एकेरी रस्ता. कपॅसिटर म्हणजे विजेचा रांजण. ज्यांच्या घरी जुना रेडिओ होता ते त्याला कंडेन्सर म्हणतील. या बोर्डांपैकी शंभरात चार-पाच बोर्ड चाचणीच्या टेबलावर बटण दाबताच बसू लागले. डायोड शॉर्ट, फ्यूज उडालेला, खटला संपला. कधी असेही होई की एखादा बोर्ड दहा वेळा नीट चालू होई आणि अकराव्या वेळी बसे. डायोड हाताने सोल्डर करण्याचे काम तीन बायांकडे होते. त्यांना आरोपपत्र मिळाले: हलगर्जीपणा करून मालाचे नुकसान केले. आरोपपत्रामागून निलंबन.

चौकशीत व्यवस्थापनाच्या बाजूने एक तरुण इंजिनियर साक्षीला आला. मुलगा सज्जन होता, हे मुद्दाम सांगतो. त्याने संगणकावर केलेल्या चाचणीचे छापील कागद पुढे ठेवले. त्यावर एक सुरेख रेघ होती. शून्यातून वर चढून सव्वातीनशे व्होल्टवर स्थिर झालेली. डिझाइन बरोबर आहे, संगणक तसे म्हणतो. मग चूक हाताची. चौकशी अधिकाऱ्यांनी मान डोलावली. त्या तिघींपैकी वयाने मोठ्या असलेल्या ताई आम्हांला जिना उतरताना म्हणाल्या, "भाऊ, माणसाची साक्ष खोटी पाडता येते. मशीनची कशी पाडायची?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. परंतु आमच्या ओळखीचे एक म्हातारे रेडिओ-दुरुस्तीवाले आहेत. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. त्यांनी मेलेले डायोड हातात घेऊन मीटर लावला आणि पहिलीच गोष्ट अशी सांगितली, की ड्राय सोल्डरने सांधा तुटतो, डायोड शॉर्ट होत नाही. हा डायोड आतून भाजला आहे. इस्त्री जास्त वेळ टेकवली तरी भाजेल, असे इंजिनियर म्हणू शकेल. पण मग तो टेबलावर बटण दाबण्याच्याच क्षणी का मरावा? मास्तर म्हणाले, "तो संगणकाचा प्रोग्रॅम फुकट मिळतो. आपणही तोच खेळ मांडू."

तेव्हा हा खेळ काय आहे ते आधी सांगितले पाहिजे.

अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील विद्यालयात १९७० च्या आसपास प्राध्यापक रोनाल्ड रोरर यांच्या हाताखाली विद्यार्थ्यांनी सर्किटची गणिते सोडवणारा एक प्रोग्रॅम लिहिला. त्याला नाव दिले 'कॅन्सर'. इंग्रजी आद्याक्षरांनी बनलेल्या त्या नावातले शेवटचे शब्द 'किरणोत्सर्ग वगळून' अशा अर्थाचे होते. त्या काळी असल्या पुष्कळ प्रोग्रॅमना संरक्षण खात्याचा पैसा असे आणि अणुस्फोटाच्या किरणांत सर्किट कसे टिकेल हे त्यांना सांगावे लागे. आम्ही ते सांगणार नाही, असे या मंडळींनी नावातच जाहीर करून टाकले. आम्हांला हा बाणा आवडला. त्या विद्यार्थ्यांपैकी लॉरेन्स नेगल यांनी प्राध्यापक डोनाल्ड पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यातून 'स्पाइस' उभा केला. १९७३ साली तो जगापुढे आला, १९७५ साली त्याची दुसरी आवृत्ती आली, आणि पेडरसन यांच्या आग्रहामुळे तो कोणाच्याही मालकीचा न राहता सर्वांना खुला झाला. आज इंजिनियरिंगचे विद्यार्थी आणि मोठमोठे कारखाने वापरतात ते अनेक प्रोग्रॅम याच मुळाच्या फांद्या आहेत. आम्ही युनियनच्या कचेरीत बसून जो चालवला तोही त्यातलाच. फुकट होता म्हणूनच चालवू शकलो, याची येथे नोंद करून ठेवतो.

नाटक रंगमंचावर येण्याआधी तालीम होते तशी ही सर्किटची तालीम. तुम्ही संगणकाला सांगायचे: येथे अमुक रेझिस्टर, तेथे तमुक डायोड, इकडून वीज येते. तो क्षणाक्षणाला प्रत्येक सांध्यावर किती व्होल्ट आणि प्रत्येक तारेतून किती अँपिअर हे गणित करून दाखवतो. परंतु संगणकातला डायोड हा डायोड नसतो. तो आठदहा आकड्यांचा एक कागद असतो. त्याला मॉडेल म्हणतात. एक आकडा सांगतो की किती व्होल्टला किती वीज वाहील, एक सांगतो की अंगचा विरोध किती, एक सांगतो की उलट्या दिशेने किती व्होल्टला बांध फुटेल. बांध फुटला की संगणकातला डायोड उलटी वीज वाहू देतो. आणि ताण कमी झाला की जणू काही झालेच नाही अशा थाटात पुन्हा कामावर हजर होतो. ट्रान्झिस्टरचे जे रूढ मॉडेल आहे, गुमेल आणि पून या बेल प्रयोगशाळेतल्या दोघांनी १९७० साली मांडलेले, त्यात तर कलेक्टर आणि एमिटर यांच्यामधला बांध फुटणे घातलेलेच नाही. ज्या ट्रान्झिस्टरला ४० व्होल्टच्या वर द्यायचे नाही असे कंपनीने छापले आहे त्याला तुम्ही संगणकात ४०० द्या, तो निमूटपणे काम करील. तुमच्या डायोडमधून हजार अँपिअर जाऊ द्या. धूर नाही, वास नाही, फ्यूज नाही. रेघ मात्र सुरेख येते.

हा त्या बर्कलीच्या मंडळींचा दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. ते ज्या चिपा रेखाटत होते त्यांच्यापुढे प्रश्न होता तो 'हे सर्किट कसे वागेल' हा. 'हे किती दिवस जगेल' हा प्रश्न वेगळा आहे, आणि तो कोणी विचारला नाही म्हणून त्याचे उत्तर कोणी लिहिले नाही. गंमत अशी की उत्तर जगात नव्हते असेही नाही. प्रत्येक घटकाबरोबर कंपनी डेटाशीट देते, आणि तिच्या बहुधा पहिल्याच पानावर मर्यादांचा तक्ता असतो: इतके व्होल्ट, इतके अँपिअर, इतके वॅट, इतके तापमान, यापुढे गेलात तर आम्ही जबाबदार नाही. तो तक्ता माणसासाठी छापलेला. मॉडेल बनवणाऱ्याने वागणुकीचे आकडे घेतले आणि तक्ता मागे ठेवला.

१९४८ च्या फॅक्टरी कायद्यात क्रेनसंबंधी एक कलम होते, एकोणतिसावे. सुरक्षित भार किती तो क्रेनवर आणि साखळीवर स्पष्ट कोरलेला असला पाहिजे, आणि चाचणीखेरीज त्यापेक्षा जास्त भार कधीही लटकवू नये. आमच्या उमेदवारीच्या दिवसांत आम्ही त्या पाटीखाली उभे राहिलो आहोत. क्रेन स्वतः काही बोलत नाही; दोन टनांच्या हुकाला तीन टन लावले तर तो बहुतेक वेळा उचलतोही. पाटी असते ती खालच्या माणसासाठी. संगणकातल्या क्रेनवर पाटीच नव्हती, एवढेच आम्हांला त्या दिवशी कळले.

आता आमच्या बोर्डाकडे येऊ. कपॅसिटर २२० मायक्रोफॅरडचा होता, त्याच्या अलीकडे धक्का सोसण्यासाठी २.२ ओहमचा रेझिस्टर होता, आणि डायोड १एन ४००७, बाजारात रुपया-दोन रुपयांना मिळणारा. त्याची पाटी अशी: हजार व्होल्ट उलटे, एक अँपिअर सरासरी, आणि एकदाच बसणारा धक्का ३० अँपिअरचा, तोही ८.३ मिलिसेकंद टिकणारा. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. रिकामा रांजण नळाला लावला की पहिल्या क्षणी पाणी धो धो जाते, तसा रिकामा कपॅसिटर बटण दाबताच वीज ओढतो. त्या पहिल्या धक्क्यात डायोडमधून किती अँपिअर जातात, असे आम्ही चौकशीत विचारले. इंजिनियरने लॅपटॉप उघडला, रेघ काढली, आणि सांगितले, सुमारे २०. मर्यादा ३०. म्हणजे डिझाइन निर्दोष! आमचाच प्रश्न आमच्यावर उलटला. त्या संध्याकाळी तिघींना तोंड दाखवायला आम्हांला लाज वाटली.

रात्री मास्तरांच्या दुकानात बसून आम्ही तेच सर्किट मांडले. आम्हांलाही २० च आले. मास्तर बराच वेळ त्या रेघेकडे पाहत बसले आणि मग म्हणाले, "ही वीज दर वेळी शून्यावरूनच का सुरू होते?"

त्याचे असे आहे. एसी वीज ही लाटेसारखी वरखाली होते. आपल्याकडे सेकंदाला पन्नास आवर्तने, म्हणजे सेकंदात शंभर वेळा ती शून्यातून जाते आणि शंभर वेळा माथ्यावर असते. माथा ३२५ व्होल्टचा. स्पाइसला नुसते 'लाट दे' म्हटले की तो ती शून्यापासून सुरू करतो. कारण वहीत लाट काढताना आपणही तेथूनच काढतो. शून्यावर नळ उघडला तर पाणी हळूहळू वाढते, धक्का सौम्य बसतो. परंतु टेबलावर बसलेली बाई बटण दाबते तेव्हा लाट कोठे आहे हे तिला कसे कळणार? मास्तरांनी लाट माथ्यावरून सुरू केली. ३२४ व्होल्टना २.२ ओहमने भागा. पाटीपूजनाला बसलेल्या पोरालाही जमेल. १४७ अँपिअर! मर्यादेच्या जवळजवळ पाचपट. आणि संगणकाने पूर्वीसारखीच सुरेख रेघ काढली. एक अक्षर बोलला नाही.

शंभरात चार-पाच का, कधी पहिल्यांदा आणि कधी अकराव्यांदा का, याचा उलगडा तेथे झाला. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची तयारी चालली होती.

तरीही एवढ्यावर चौकशी जिंकता येत नाही. दुसऱ्या तारखेला इंजिनियरने आक्षेप घेतला तो अगदी योग्य होता. तो म्हणाला, ३० अँपिअर ही मर्यादा ८.३ मिलिसेकंदांच्या धक्क्यासाठी आहे. तुमचा १४७ चा धक्का अर्ध्या मिलिसेकंदात ओसरतो. चटका किती मोठा यासोबत तो किती वेळ हेही पाहायला हवे. बरोबर आहे, तव्याला बोट झटकन लावून काढले तर भाजत नाही. यासाठी अँपिअरचा वर्ग करून त्याला वेळेने गुणतात. डायोडच्या पाटीप्रमाणे हा गुणाकार ३.७ पर्यंत चालतो. आमच्या बोर्डाचा किती? भरलेल्या कपॅसिटरमध्ये साडेअकरा ज्यूल ऊर्जा साठते, तितकीच भरताना वाटेतल्या रेझिस्टरमध्ये उष्णतेच्या रूपाने खर्ची पडते, तिला २.२ ने भागले की ५.२. म्हणजे हाही हिशेब हद्दीबाहेर. पाचपट नव्हे, दीडपटीच्या आत. म्हणूनच माथ्यावर सापडलेला प्रत्येक डायोड मरत नव्हता. खरे सांगायचे तर इंजिनियरच्या आक्षेपामुळेच आमचे म्हणणे पक्के झाले. तोही कागदावर आकडे मांडून पाहत होता आणि थोड्या वेळाने त्याने मान वर केली ती आमच्याकडे नव्हे, आपल्या वरिष्ठाकडे.

यानंतर आम्ही असा नाद धरला की, मॉडेलवर पाटी लावायची. कशी लावतात ते थोडक्यात सांगतो. येथे तंत्रनिकेतनाची मुले बसलेली दिसतात, त्यांच्या कामी येईल.

सर्वांत साधा मार्ग म्हणजे राखणदार बसवणे. प्रोग्रॅमला हुकूम द्यायचा की, या डायोडमधला सर्वांत मोठा प्रवाह मोज, मर्यादेशी ताडून पाहा, ओलांडला तर लिही. मग बटण दाबण्याचा क्षण लाटेवर दहा-दहा अंशांनी सरकवत तालीम पुन्हा पुन्हा घ्यायची. दहाच तालमी लागतात आणि संगणकाला चहा प्यायला लागणारा वेळही लागत नाही. काही प्रोग्रॅममध्ये ही सोय तयार आहे. एन्जीस्पाइस नावाच्या खुल्या प्रोग्रॅममध्ये मॉडेलच्या ओळीतच कमाल व्होल्टेज लिहिता येते, आणि ओलांडले की तो इशारा देतो. पीस्पाइसमध्ये या तपासणीला 'स्मोक' म्हणजे 'धूर' असेच नाव आहे. नाव ठेवणारा मनुष्य कधी तरी वर्कशॉपमध्ये उभा राहिलेला असावा. उलट एल्टीस्पाइसच्या तयार यादीतल्या कित्येक डायोडांच्या ओळीत कमाल व्होल्ट आणि सरासरी अँपिअर लिहिलेले असतात, परंतु त्या आकड्यांनी डायोडच्या वागणुकीत तसूभरही फरक पडत नाही. भिंतीवर नियमांचा तक्ता आहे, पण वाचायचा कोणी?

कोणी म्हणेल, राखणदार कशाला, डायोड मॉडेलमध्येच जाळून टाका. मर्यादा ओलांडली की शॉर्ट. आम्हांलाही प्रथम हेच सुचले आणि आम्ही करूनही पाहिले. प्रोग्रॅम अडखळला आणि मध्येच थांबला. कारण स्पाइस उत्तर एकदम काढत नाही. अंदाज करतो, चूक पाहतो, अंदाज सुधारतो, असे करत उत्तराजवळ जातो. ही न्यूटनची जुनी रीत. वाट गुळगुळीत असली तर ती चालते; वाटेत अचानक कडा आला तर पाय ठेवायला जागा सापडत नाही. शिवाय अंदाज चुकीचा असतानाच डायोड 'मेला' तर ते खोटे मरण. म्हणून आमचे मत असे झाले की, मर्यादेने मॉडेलची वागणूक बदलू नये. तिने फक्त ओरडावे.

परंतु पाटीवरचा आकडा लिहिला म्हणजे संपले, असेही नाही. येथे फसगत होते, आणि येथे जरा थांबले पाहिजे. २एन ३०५५ नावाचा एक दणकट ट्रान्झिस्टर आहे. ज्यांनी लाउडस्पीकरचे अँप्लिफायर उघडून पाहिले आहेत त्यांना त्याची लोखंडी टोपी आठवेल. पाटी म्हणते: ६० व्होल्ट, १५ अँपिअर. दोन्ही एकदम द्या. ९०० वॅट झाले. आणि तिसऱ्या ओळीत लिहिले आहे, ११५ वॅट. म्हणजे ६० व्होल्ट असताना दोन अँपिअरही चालत नाहीत. तिन्ही आकडे खरे, पण सुटे वाचले तर तिन्ही मिळून घात करतात. कामगारांच्या बाबतीत आम्ही हे पुष्कळ पाहिले आहे: तासांचा नियम पाळला, वजनाचा पाळला, उष्म्याचाही पाळला असे कागदावर दाखवता येते, आणि मनुष्य तिन्ही एकदम सोसत असतो.

आता हे ११५ तरी कोठून आले? त्या ट्रान्झिस्टरच्या आतला सिलिकॉनचा तुकडा २०० अंशांपर्यंत तापला तर चालतो. आतून टोपीपर्यंत उष्णता येताना दर वॅटमागे १.५२ अंशांचा फरक पडतो. टोपी २५ अंशांवर राखली, तर उरले १७५, त्याला १.५२ ने भागा, ११५. म्हणजे हा आकडा टोपी २५ अंशांवर राहील या अटीवर आहे! बंद पेटीत, नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात टोपी १०० अंशांवर गेली तर तोच ट्रान्झिस्टर ६५-६६ वॅटचा उरतो. पाटीवरचा आकडा हा सर्वांत चांगल्या दिवसाचा आकडा असतो. म्हणून जाणते लोक मर्यादा आधीच खाली ओढून घेतात. रेझिस्टर एक वॅटचा असेल तर अर्ध्या वॅटवर काम घेतात. कपॅसिटरबद्दल तर जुना आडाखा आहे की दहा अंश थंड ठेवा, आयुष्य दुप्पट. १०५ अंशांवर २००० तास लिहिलेला कपॅसिटर त्या तापमानावर तीन महिनेही पुरत नाही. ६५ वर ठेवला तर ३२००० तास, म्हणजे साडेतीन वर्षांच्या वर.

हा उष्णतेचा हिशेब संगणकाला शिकवण्याची युक्ती इतकी देखणी आहे की, ती कळली त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. उष्णता ही विजेसारखीच वाहते. मग त्याच कागदावर शेजारी एक दुसरे सर्किट काढायचे. वॅटला प्रवाह माना, तापमानाला व्होल्ट माना, उष्णतेच्या वाटेतल्या अडथळ्याला रेझिस्टर माना, आणि धातूच्या उष्णता धरून ठेवण्याला कपॅसिटर माना. पहिल्या सर्किटमधून वॅट उचलून दुसऱ्यात सोडले की, ट्रान्झिस्टरच्या पोटात किती अंश झाले ते व्होल्टसारखे वाचता येते. क्षणाचा धक्का आणि तासाभराचा भार यांतला फरक मग आपोआप दिसतो, कारण लहान कपॅसिटर लवकर भरतो आणि मोठा हळू. पाण्याचे, विजेचे आणि उष्णतेचे गणित एकच असावे, हे नववी नापास माणसाला पन्नाशीत कळले. शाळेत कोणी असे सांगितले असते तर कदाचित आम्ही या व्यासपीठावर दुसऱ्याच कारणाने उभे असतो. असो.

एक सावधगिरी मात्र सांगून ठेवतो. राखणदार फार भुंकू लागला की घरचे लोक कान बंद करतात. आम्ही पहिल्या उत्साहात प्रत्येक घटकावर मर्यादा लावली आणि दर तालमीला पानभर इशारे येऊ लागले. त्यांतले निम्मे सूक्ष्म क्षणांचे, ज्यांना काही अर्थ नव्हता. मग धक्क्याची मर्यादा वेगळी, सततची वेगळी, आणि सरासरीची वेगळी, असे तीन कप्पे केले तेव्हा कागद वाचण्याजोगा झाला. हे काम कंटाळवाणे आहे. प्रत्येक डेटाशीट उघडून, खालची बारीक टीप वाचून, ही मर्यादा किती अंशांवरची, किती वेळेची, हे उतरवून घ्यावे लागते. कारखान्यात याला वेळ मिळत नाही, हे त्या इंजिनियरने आम्हांला नंतर चहाच्या टपरीवर सांगितले. त्याला बोर्डासाठी तीन आठवडे दिले होते. रेघ बरोबर आली की पुढचा बोर्ड. त्याच्यावरही कोणी मर्यादेची पाटी लावलेली नव्हती.

चौकशीचा निकाल काय लागला, हे आपण विचाराल. आरोप सिद्ध होत नाहीत, एवढेच कागदावर आले; कारण लिहिले नाही. निलंबनाच्या काळाचा पगार मिळाला. दोघी कामावर परत गेल्या. ज्या ताईंनी मशीनची साक्ष कशी पाडायची असे विचारले होते, त्या तोपर्यंत दुसरीकडे डबे करून देण्याच्या कामाला लागल्या होत्या. त्या परत आल्या नाहीत. त्यांना आम्ही सगळी हकीकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकली आणि विचारले, "ते तीस अँपिअर त्यांच्या कागदावर आधीपासून छापलेले होते?" होते, म्हटले.

बोर्डाचे डिझाइन गाजावाजा न करता बदलले. २.२ ओहमच्या रेझिस्टरच्या जागी थर्मिस्टर आला. थंड असताना दहा ओहमचा, तापला की एका ओहमच्या आसपास. उपाय चांगला आहे. बटण दाबताना विरोध जास्त, धक्का ३२ अँपिअरवर येतो आणि तो क्षणाचाच असल्याने चालून जातो. पुढे थर्मिस्टर तापून वाटेतून बाजूला होतो. टेबलावर बोर्ड बसायचे थांबले.

पण आम्हांला एकदा सवय लागली होती. आम्ही त्या नव्या सर्किटलाही आमचे राखणदार लावले आणि मास्तर म्हणाले, आपल्याकडे वीज कशी जाते ते याला सांगा. वीज जाते आणि पाच-दहा सेकंदांत परत येते. तेवढ्यात कपॅसिटर रिकामा होतो, परंतु थर्मिस्टर थंड व्हायला मिनिटभर तरी लागते. तो एक ओहमवर आहे, रांजण रिकामा आहे, आणि लाट माथ्यावर असताना वीज आली तर ३०० अँपिअरच्या वर धक्का. पहिल्यापेक्षा दुप्पट. टेबलावर हे कधीच दिसणार नाही, कारण टेबलावर वीज जात नाही. दिसेल ते गिऱ्हाइकाच्या घरी, आणि तेथून बोर्ड परत आला की पुन्हा सोल्डरिंगकडे बोट दाखवले जाईल.

आम्ही सर्व आकडे मांडून व्यवस्थापनाला पत्र लिहिले, सोबत राखणदारांसह मॉडेलची फाइल जोडली, आणि प्रत त्या इंजिनियरला दिली. उत्तर अजून आलेले नाही. पत्राची पोच, तारीख आणि शिक्क्यासह, त्या मोडक्या कपाटात ठेवलेली आहे.